रामराजा: नातू की तोतया? एका साक्षीदाराच्या दोन शपथा

१/ ‘साताऱ्याचा रामराजा तोतया होता, खुद्द ताराबाईंनीच तसे सांगितले’, हे विधान वारंवार केले जाते. त्यातील दुसरा भाग खरा आहे. पहिला त्यातून सिद्ध होत नाही.

२/ शाहू महाराजांना गादीसाठी पुत्र उरला नव्हता. तेव्हा ताराबाईंनी सांगितले, की आपला पुत्र शिवाजी (मृत्यू १७२६) याचा मुलगा गुप्तपणे वाढविलेला आहे. १५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू महाराज निवर्तले. जानेवारी १७५० मध्ये रामराजा गादीवर आला.

३/ ही मान्यता आंधळी नव्हती. ग्रँट डफ लिहितो, की नागपूरकर रघूजी भोसल्यांनी अट घातली: ताराबाईंनी जातभाईंसमक्ष रामराजासह भोजन करावे आणि त्याच अन्नाची शपथ घेऊन तो आपला नातू असल्याचे सांगावे. अट पुरी झाली.

४/ पुढे ताराबाईंनी पेशव्याला दूर करण्याचा आग्रह धरला. रामराजाने तो मानला नाही. २४ नोव्हेंबर १७५० रोजी तो साताऱ्याच्या किल्ल्यात कैद झाला. मग तोच नातू ‘गोंधळी’ ठरला! सप्टेंबर १७५२ मध्ये जेजुरीस खंडोबासमोर पेशव्याशी समेट करताना ताराबाईंनी तशी शपथही घेतली.

५/ साक्षीदार एक, शपथा दोन. दोन्हींमागे हितसंबंध आहेत, हे मान्य. पण पहिली शपथ शंका घेणाऱ्यांच्या अटीवर झाली. दुसरी, नातू हाताबाहेर गेल्यावर. मधल्या काळात रक्त बदलले नव्हते, राजकारण बदलले होते. अशा शपथेवरून कुणाला तोतया म्हणणे हा इतिहास नव्हे, भांडणाची री ओढणे आहे.

६/ उलट बाजूनेही सावध राहावे. पेशव्याने रामराजाला गादीवर ठेवले आणि १७७७ मध्ये तो छत्रपती म्हणूनच वारला, हाही रक्ताचा पुरावा नव्हे. दुबळा छत्रपती पेशव्यांच्या सोयीचाच होता.

७/ हा प्रश्न राजघराण्यापुरता नाही. आम्हा पलूसकडच्या लोकांच्या दारी पिढ्यान्‌पिढ्या हेळवी येत आले. त्यांच्या वहीतली वंशावळ आणि गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी जुळल्या नाहीत, की भावकी दुभंगते; वारसाहक्क आणि जातीचे दाखले अडतात. मग जो तो सोयीचा कागद उचलतो आणि दुसरा खोटा ठरवतो.

८/ कोणत्याही नोंदीला तीन प्रश्न विचारावेत. घटनेनंतर किती काळाने लिहिली? सांगणाऱ्याचा लाभ कशात होता? आणि त्या वेळी हरकत घेऊ शकेल असा कोणी समोर होता का? या कसोटीवर रामराजाविरुद्धची शपथ लंगडी पडते. अडीचशेहून अधिक वर्षे एका माणसाचे कूळ आपण रागाच्या साक्षीवर नाकारत आलो. आता तरी ‘तोतया’ हा शब्द मागे घ्यावा.