विश्लेषण : इमारत ‘स्मार्ट’, पण तिची माहिती कोणाकडे?

मोबाइलवरून दिवे लावता येतात, पाण्याच्या टाकीची पातळी दिसते, फाटकावर कोण आले हे कळते. असे गृहप्रकल्प आता ‘स्मार्ट’ म्हणून विकले जातात. पण भिंतीला ओल आली की नेमका कोणता पाइप गळतो आहे, हे शोधायला आजही टाइल्स फोडाव्या लागतात. इमारतीत उपकरणे आली, मात्र इमारतीविषयीची माहिती एका जागी आली नाही. ‘बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग’ अर्थात ‘बीआयएम’ ही उणीव भरून काढू शकते. अट एकच : बांधकाम संपल्यावर हे मॉडेल रहिवाशांच्या हाती आले पाहिजे.

‘बीआयएम’ म्हणजे काय?

विकासकाच्या जाहिरातीत दिसणारे देखणे त्रिमितीय चित्र म्हणजे बीआयएम नव्हे. चित्रातला दरवाजा म्हणजे फक्त रेषा आणि रंग. बीआयएममधल्या दरवाजाला मात्र स्वतःची माहिती असते. त्याचे माप काय, तो कशाचा बनला आहे, आगीपुढे किती वेळ टिकेल, कोणी पुरवला, वॉरंटी कधी संपते, हे सारे त्याला जोडलेले असते. कॉलम, बीम, पाइप, वायर, पंप, लिफ्ट यांचेही तसेच. म्हणजे मॉडेल हे इमारतीचे चित्रही असते आणि तिची नोंदवहीही.

बांधकामाच्या आधी त्याचा फायदा काय?

वास्तुरचनाकार, संरचना अभियंता, प्लंबिंग आणि विजेचे सल्लागार आपापले नकाशे वेगवेगळे काढतात. त्यांची गाठ पडते ती थेट बांधकामाच्या जागेवर. मग एसीचा डक्ट बीमला आडवा येतो किंवा ड्रेनेजच्या पाइपसाठी तयार स्लॅबला भोक पाडावे लागते. बीआयएममध्ये सगळ्यांचे आराखडे एकत्र आणून असे अडथळे आधीच शोधता येतात. पडद्यावरची चूक सुधारायला काही तास लागतात. काँक्रीटमधली चूक इमारतीला कायमची चिकटते. मॉडेलला वेळापत्रक जोडले की त्याला ‘४डी’ म्हणतात आणि खर्चही जोडला की ‘५डी’. महामेट्रोने नागपूर मेट्रोच्या उभारणीत ५डी बीआयएमचा वापर केला होता.

‘स्मार्ट’ इमारतीशी त्याचा संबंध काय?

सेन्सर फक्त आकडा सांगतो. ‘पंपाचे तापमान वाढले’ एवढे कळून भागत नाही. तो पंप कुठे आहे, कोणत्या मजल्यांना पाणी देतो, बंद केला तर कोणाचे पाणी जाईल, त्याचा वॉल्व्ह कुठे, शेवटची दुरुस्ती कधी झाली, ही उत्तरे मॉडेलमध्ये असतात. सेन्सरची ताजी माहिती मॉडेलला सतत जोडली गेली की इमारतीची ‘डिजिटल जुळी’ म्हणजे ‘डिजिटल ट्विन’ तयार होते. बांधकाम तीन-चार वर्षांत संपते, इमारत मात्र ५०-६० वर्षे चालवावी लागते. त्यामुळे मॉडेलची खरी गरज ताबा मिळाल्यानंतर सुरू होते.

माहिती नसण्याची किंमत किती?

लंडनमधील २४ मजली ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी आग लागली. त्यात ७२ जण दगावले. नूतनीकरणात बसवलेल्या ज्वलनशील बाह्य आवरणामुळे ती झपाट्याने पसरली. इमारतीच्या अंतर्गत रचनेचे नकाशे अग्निशमन दलाला आगीच्या अखेरच्या टप्प्यापर्यंत मिळाले नव्हते, असे चौकशीत पुढे आले. इमारतींच्या सुरक्षा नियमांचा आढावा घेणाऱ्या ज्युडिथ हॅकिट यांनी २०१८ च्या अहवालात माहितीचा ‘सोनेरी धागा’ ही कल्पना मांडली. आराखड्यापासून वापरापर्यंत इमारतीची अचूक, अद्ययावत माहिती डिजिटल स्वरूपात जपावी, असा तिचा अर्थ. २०२२ च्या ब्रिटिश इमारत सुरक्षा कायद्याने उंच निवासी इमारतींसाठी ती जबाबदारी निश्चित केली.

इतरत्र नियम काय आहेत?

ब्रिटनने एप्रिल २०१६ पासून केंद्र सरकारच्या बांधकाम प्रकल्पांसाठी बीआयएम बंधनकारक केले. सिंगापूरने २०१५ पासून ५ हजार चौरस मीटरहून मोठ्या नव्या इमारतींचे आराखडे या स्वरूपात मागवायला सुरुवात केली. माहितीचे व्यवस्थापन कसे करावे, यासाठी ‘आयएसओ १९६५०’ हे आंतरराष्ट्रीय मानक २०१८ मध्ये आले. ‘आयएफसी’ हे खुले फाइल स्वरूपही उपलब्ध आहे, त्यामुळे मॉडेल एकाच कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये अडकून पडत नाही.

आपल्याकडे अडते कुठे?

‘रेरा’ कायद्याच्या १७व्या कलमानुसार आवश्यक कागदपत्रे आणि नकाशे रहिवाशांच्या संस्थेकडे सोपवणे ही विकासकाची जबाबदारी आहे. मात्र हातात येतात ते बहुधा मंजूर नकाशे. प्रत्यक्ष बांधताना झालेले बदल त्यांत असतीलच असे नाही. याच कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत आढळलेले बांधकामातील दोष विकासकाने विनामूल्य दुरुस्त करायचे असतात. दोष मुळातला की नंतरच्या तोडफोडीचा, या वादात अचूक नोंद हाच रहिवाशांचा पुरावा ठरू शकतो. पुढे ३० वर्षांनी मुंबईत संरचनात्मक तपासणीची वेळ येते, तेव्हा मूळ नकाशेच सापडले नाहीत तर आत किती सळई आहे हेही चाचण्या करून ठरवावे लागते.

पुढे काय व्हायला हवे?

छोट्या सोसायट्यांवर हा खर्च लादण्यात अर्थ नाही. पण ज्या मोठ्या प्रकल्पांचे मॉडेल विकासकाने आधीच बनवलेले असते, ते प्रत्यक्ष बांधकामानुसार दुरुस्त करून खुल्या स्वरूपात संस्थेला देणे बंधनकारक करायला हरकत नसावी. सेन्सरची माहिती कोणाच्या मालकीची आणि ती कोण पाहू शकतो, हेही करारात लिहिले पाहिजे. घरी कोण कधी असते, हे तिच्यावरून कळू शकते. सोसायट्यांनीही प्रत्येक दुरुस्तीची नोंद ठेवली पाहिजे, कारण जुने झालेले मॉडेल चुकीच्या नकाशाइतकेच घातक. घर घेताना जिम आणि क्लबहाऊसची चौकशी होतेच. ‘इमारतीचे मॉडेल आम्हाला मिळणार का?’ हा प्रश्नही ग्राहकांनी विचारायला सुरुवात केली, तर कायदा बदलण्याची वाट पाहावी लागणार नाही.