वेगळा विदर्भ आणि सीमेपलीकडचे आम्ही



लोधीखेड्याची राजधानी एकेकाळी नागपूर होती, हे आपल्यातल्या तरुण वाचकांना सांगितलं तर गंमत वाटते. पण ते अगदी खरं आहे. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला तेव्हापासून नागपूर ही त्याची राजधानी. १९५० मध्ये या प्रांताचं नाव ‘मध्य प्रदेश’ झालं तरी राजधानी तीच राहिली. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूरसह आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि आमचं सौंसर, पांढुर्णा, लोधीखेडा छिंदवाडा जिल्ह्याबरोबर नव्या मध्य प्रदेशात राहिलं. राजधानी भोपाळ झाली. माझे आजोबा म्हणायचे, “आपन कुठीच नाई गेलो बाप्पा, नागपूरच उठून गेलं.”

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आमच्या ऑफिसातला वाद. मी सध्या नागपुरात नोकरी करतो. टीममध्ये दोघे अमरावतीचे, एक यवतमाळची आणि एक सातारचा. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की महिन्यातून एकदा तरी वेगळ्या विदर्भाचा विषय निघतोच. सातारकर म्हणतो, मराठी माणसाचं एक राज्य १०५ हुतात्म्यांनी मिळवलंय, ते तोडायचं नाही. यवतमाळची ताई विचारते, सिंचनाचा अनुशेष कोणी भरायचा? दांडेकर समितीने १९८४ मध्ये मोजून दिला, त्यानंतर वैधानिक विकास मंडळं आली, केळकर समिती आली, अजून मोजणंच चालू आहे. मी काही बोलायला गेलो की दोन्ही बाजू एक होतात आणि म्हणतात, “तू कशाला? तू तर एमपीचा!”

आता गंमत अशी की माझं मतदार ओळखपत्र चार वर्षांपूर्वी नागपूरचं झालंय. उद्या विदर्भात खरोखर मत घेतलं तर मला मत आहे. लोधीखेड्यात राहणाऱ्या माझ्या बाबांना मात्र नाही. त्यांचा दवाखाना नागपूरला, संत्री विकायची ती कळमना बाजारात, दोन्ही बहिणी सावनेर-काटोलकडे दिलेल्या. विदर्भाच्या निर्णयाचा परिणाम माझ्यापेक्षा त्यांच्यावर जास्त होईल, आणि त्यांना विचारणार कोणी नाही.

या वादाचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९३८ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळाने मराठी भागाचा वेगळा प्रांत व्हावा असा ठराव केला. पुढे लोकनायक बापूजी अणे, ब्रिजलाल बियाणी यांनी ती मागणी लावून धरली. २८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार झाला. दरवर्षी नागपुरात होणारं अधिवेशन त्यातूनच आलंय. १९५५ मध्ये डॉ. आंबेडकरांनी भाषिक राज्यांवरच्या पुस्तकात एक नाही, चार मराठी राज्यं करा असं सुचवलं. त्याच वर्षी फाजल अली आयोगाने वेगळ्या विदर्भाची स्पष्ट शिफारस केली. ती मानली गेली नाही, हे प्रत्येक विदर्भवादी तुम्हाला सांगेल.

आमच्या दृष्टीने खरी बातमी मात्र त्या शिफारशीच्या आत आहे. आयोगाच्या विदर्भात बुलडाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा आणि चांदा असे आठ जिल्हे होते. छिंदवाडा नव्हता. आयोगाने साधारणपणे जिल्हा हा एकक धरला, आणि आमचा जिल्हा एकूण हिंदीचा, दक्षिणेकडच्या दोन तहसिली तेवढ्या मराठी. म्हणजे तेव्हा वेगळा विदर्भ झाला असता, तरी आम्ही बाहेरच! आणि जे नागपूर या सगळ्याच्या मध्यभागी आहे, ते शहर १७०२ च्या सुमारास वसवलं कोणी, तर देवगडच्या बख्त बुलंद शाह या गोंड राजाने. देवगड कुठे आहे? छिंदवाडा जिल्ह्यात. सातारकराला हे सांगितलं तेव्हा तो दोन मिनिटं जेवायचा थांबला होता.

बरं, मत घ्यायचंच तर कोणाचं घ्यायचं? हा प्रश्न जगभर अडलेला आहे. १८ सप्टेंबर २०१४ ला स्कॉटलंडमध्ये, ब्रिटनपासून स्वतंत्र देश व्हायचं का, यावर मतदान झालं. ८४.६ टक्के लोक मतदानाला आले, ५५.३ टक्क्यांनी नको म्हटलं. तिथे नियम साधा होता, जो स्कॉटलंडमध्ये राहतो त्याला मत, वय सोळापासून पुढे. त्यामुळे नोकरीसाठी एडिंबरोत राहणारा आपला एखादा भारतीय इंजिनिअर मत देऊ शकत होता, आणि ग्लासगोत जन्मून लंडनला गेलेला स्कॉटिश माणूस देऊ शकत नव्हता. सीमेवर बेरिक नावाचं गाव आहे. जुन्या काळात ते कितीदा इकडून तिकडे गेलं, १४८२ पासून इंग्लंडकडे आहे. पण त्यांचा फुटबॉल संघ खेळतो स्कॉटलंडच्या स्पर्धांमध्ये. त्या गावालाही त्या दिवशी मत नव्हतं. मी वाचलं तेव्हा म्हटलं, अरे, हे तर त्यांचं लोधीखेडा!

इतकं लांब जायची गरजही नाही. आपल्याकडे १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात कौल घेतला गेला, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं यावर. केंद्रशासित राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मतं पडली, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. फरक ३४,०२१ चा. मुंबईत राहणाऱ्या गोवेकरांनाही मत द्या अशी मागणी जॅक सिक्वेरा यांच्या बाजूने झाली होती, ती मान्य झाली नाही. आणि पुढची गोष्ट मला फार आवडते. विलीनीकरण हरलं, पण काही महिन्यांतच झालेल्या निवडणुकीत लोकांनी विलीनीकरण मागणाऱ्या भाऊसाहेब बांदोडकरांनाच पुन्हा मुख्यमंत्री केलं. राज्य कुठे असावं आणि ते कोणी चालवावं, हे दोन प्रश्न गोवेकरांनी वेगवेगळे ठेवले. आमच्या ऑफिसात ते रोज एकत्र होतात.

राहणाऱ्याला मत, हा नियम मला स्वतःला बरोबर वाटतो. नाही तर कोण किती विदर्भाचा हे ठरवत बसावं लागेल, आणि ते फार वाईट काम आहे. बाबांना मत नसलं तरी मी याच मताचा आहे. तसं पाहिलं तर आपल्या घटनेत यासाठी जनमताची अट नाहीच. कलम ३ प्रमाणे नवं राज्य संसद करते. मूळ राज्याच्या विधानसभेचं मत विचारतात, पण ते बंधनकारक नसतं. आंध्रच्या विधानसभेने जानेवारी २०१४ मध्ये तेलंगणाचं विधेयक नाकारलं, तरी २ जून २०१४ ला तेलंगणा झालंच.

म्हणून माझं म्हणणं असं की, मत आहे की नाही यापेक्षा कायद्याच्या कागदावर काय लिहिलं जातं, ते आमच्यासाठी मोठं. आंध्रच्या त्याच कायद्यात हैदराबाद जास्तीत जास्त दहा वर्षं दोघांची राजधानी राहील असं लिहिलं होतं. कॉलेजातले प्रवेशाचे जुने कोटेही तितकीच वर्षं चालू राहतील अशी सोय केली होती. म्हणजे रेघ मारतानाच माणसांचा विचार करता येतो. करायचा असला तर.

आमच्याकडे तो कसा झालेला नाही, याची उदाहरणं घरोघरी आहेत. माझं सगळं शिक्षण लोधीखेडा आणि सौंसरला झालं. बी. ई. साठी नागपूरला आलो तेव्हा घरापासून बसने दोन तासांच्या आतलं कॉलेज, आणि मी ‘परराज्यातला’. कर्नाटक सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात वेगळा प्रकार ठेवलेला आहे, आणि तो असायलाच हवा. पण तो वादग्रस्त भागापुरता. कर्नाटकाबरोबरचा वाद महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेला. मध्य प्रदेशाबरोबर भांडणच नाही, त्यामुळे आम्हाला सवलतही नाही. शांत बसण्याचा हा तोटा!

सावनेरची मुलगी लग्न होऊन आमच्याकडे येते, तर जातीच्या दाखल्यासाठी माहेरच्या राज्याची कागदपत्रं शोधत फिरते. आमच्या नात्यातल्या दोन सख्ख्या बहिणींचं घ्या. एक लोधीखेड्यात, ती ‘लाडली बहना’. दुसरी सावनेरला, ती ‘लाडकी बहीण’. सुरुवातीला एकीला हजार रुपये, दुसरीला दीड हजार. राखीपौर्णिमेला दोघी एकत्र आल्या की भावाचं काही खरं नसतं.

५ ऑक्टोबर २०२३ ला पांढुर्णा जिल्हा झाला, आपल्या दोन्ही तहसिली त्यात आल्या. मराठी भागाचा आपला जिल्हा म्हणून आनंद झाला, आजही आहे. पण आमची रेल्वे जाते नागपूर आणि छिंदवाड्याला. पांढुर्णा दुसऱ्याच लाइनवर, इटारसीच्या. कलेक्टर मराठी मुलखात आला, गाडी मात्र जुन्याच रस्त्याने धावते.

तर उद्या विदर्भाच्या विधेयकाचा मसुदा आला, तर मी त्यात तीन गोष्टी शोधणार आहे. सीमेलगतच्या तहसिलींतल्या मुलांना नागपूरच्या कॉलेजात काय स्थान, नागपूरच्या सरकारी दवाखान्यात आमच्या रुग्णांना कोणती कागदपत्रं लागणार, आणि लग्नाने राज्य बदललेल्या बायकांच्या दाखल्यांचं काय. हा लेख पाठवायच्या आधी बाबांना फोनवर वाचून दाखवला. ते म्हणाले, “अन् संत्र्याच्या गाडीचं नाई लिहिलं तू? कळमन्याले जाताना नाक्यावर कोन अडवन, हे आधी इचार.”

लिहिलं, बाबा. आता चार झाल्या.