निमंत्रण सरकारचे, खरकटे गावाचे

१.
पावसाळ्यातला शनिवार. लोधिवलीजवळ जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर मोटारींची रांग लागलेली असते. समोर ढगात शिरलेला इर्शाळगडाचा सुळका, त्यामागे माथेरानची भिंत. ही माणसे येथे का येतात, याचे उत्तर सोपे आहे. त्यांना बोलावले कोणी, कोणाच्या पैशाने, आणि त्याचा हिशेब कोण ठेवतो? हा धागा त्या प्रश्नांचा आहे. दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२.
आरंभ इतिहासापासून करू. मे १८५०. ठाण्याचे जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट यांचा तळ आमच्या शेजारच्या चौक गावी पडला होता. हा मुलूख तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. संध्याकाळी फिरायला म्हणून ते डोंगर चढू लागले आणि माथ्यावरचे रान पाहून थक्क झाले. माथेरानचा ‘शोध’ तो हाच.

३.
‘शोध’ हा शब्द अवतरणात घातला, कारण ठाकर, कातकरी आणि धनगर त्या रानात पिढ्यान्‌पिढ्या वावरत होते. त्यांना ते सापडण्याची गरज नव्हती. पण साहेबाने पाहिले तेव्हापासून ते रान ‘स्थळ’ झाले. माथेरानच्या दक्षिण टोकाला आजही ‘चौक पॉइंट’ म्हणतात. डोंगराला नाव देण्यापुरता पायथा उपयोगी पडला.

४.
तरीही त्या जुन्या व्यवस्थेतली एक गोष्ट आज विसरली गेली आहे. ज्या सरकारने माथेरान वसवले, त्यानेच तेथे अधीक्षक नेमला. पाणी, वाटा, झाडझूड ही कामे त्याच्या शिरावर होती. पुढे १९०५ मध्ये नगरपालिका आली. बोलावणारा आणि निस्तरणारा हात एकच होता.

५.
मग रेल्वे आली. सर आदमजी पीरभॉय यांचे भांडवल, त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांचे परिश्रम आणि सुमारे १६ लाख रुपये खर्च, एवढ्यावर १९०७ मध्ये नेरळ-माथेरान गाडी सुरू झाली. दोन महायुद्धांच्या दरम्यान भारतीय रेल्वेने भित्तिपत्रके काढली, लंडन आणि न्यूयॉर्क येथे प्रचाराची कार्यालये उघडली.

६.
तो प्रचार रेल्वे आपल्या कमाईतून करी. जाहिरात फसली तर डबे रिकामे धावत आणि तोटा तिच्याच वहीत उमटत असे. जाहिरात फळली तर वाढलेल्या गर्दीसाठी रूळ, पूल आणि फलाट सांभाळणे तिलाच भाग होते. ती व्यवस्था न्याय्य होती असे मी म्हणत नाही. ओझी वाहणारा ठाकर तिच्या वहीत कुठेच नव्हता. पण वही होती.

७.
स्वातंत्र्यानंतर पर्यटन हे सरकारी खाते झाले. १९४९ मध्ये केंद्राच्या वाहतूक मंत्रालयात पर्यटनाची शाखा निघाली, १९६६ मध्ये भारतीय पर्यटन विकास महामंडळ आले आणि १९७५ मध्ये महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ. एक घटनात्मक गंमत पाहा : राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत ‘पर्यटन’ हा स्वतंत्र विषयच नाही. कर्तव्य कोणाचे हे ठरण्यापूर्वीच जाहिरात सुरू झाली.

८.
केरळने १९८९ मध्ये ‘देवाचा स्वतःचा देश’ हे घोषवाक्य काढले. २००२ मध्ये केंद्राचे ‘अतुल्य भारत’ आले. २०१० मध्ये गुजरातने अमिताभ बच्चन यांना कच्छच्या रणात उभे केले. आपण ‘महाराष्ट्र अनलिमिटेड’ म्हणालो. अनलिमिटेड, म्हणजे अमर्याद. राज्याचे दुखणे त्याच्याच घोषवाक्यात इतके उघड क्वचितच सांगितले गेले असेल.

९.
कारण मर्यादा हाच तर सारा प्रश्न आहे. धबधब्याच्या वाटेवर एका वेळी किती माणसे सुरक्षित उभी राहतील? पायथ्याच्या विहिरीत किती पाणी आहे? अरुंद रस्त्यावर किती मोटारी उभ्या राहिल्या की रुग्णवाहिका अडते? निमंत्रण छापण्यापूर्वी हे विचारले जात नाही.

१०.
परिणाम दरवर्षी दिसतो. शासनाचा एक हात पावसाळी कोकणची चित्रे झळकवतो. त्याच शासनाचा दुसरा हात कर्जत-खालापुरातल्या धबधब्यांवर आणि धरणांवर जमावबंदी लावतो. पूर्वी कलम १४४, जुलै २०२४ पासून नव्या संहितेचे कलम १६३. एक खाते ‘या’ म्हणते, दुसरे ‘याल तर गुन्हा दाखल करू’ म्हणते. मधे उभा असतो तो गावचा पोलीस पाटील.

११.
आता पैशाकडे वळू. आज राज्यात धोरण आणि प्रसिद्धी मुख्यत्वे पर्यटन संचालनालयाकडे आणि निवासगृहे महामंडळाकडे अशी विभागणी आहे. संचालनालय हे शासनाचे अंग, म्हणून त्याचा खर्च विधिमंडळाच्या लोकलेखा समितीपुढे जातो. महामंडळ ही कंपनी, म्हणून ती सार्वजनिक उपक्रम समितीपुढे जाते.

१२.
दोन संस्था, दोन समित्या. पण या जाहिरातीमुळे आलेल्या माणसांचे त्या गावात काय झाले, हा प्रश्न कोणत्या समितीच्या टेबलावर येतो? कोणत्याच नाही. लेखापरीक्षक पावती तपासू शकतो, निविदा तपासू शकतो. ज्या परिणामाचे मोजमापच शासनाने ठरवले नाही, तो त्याने कशाशी ताडून पाहावा?

१३.
कायदे नाहीत असे नव्हे. २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम ३९५ सांगते की राज्य सरकारच्या कंपनीचा वार्षिक अहवाल, लेखापरीक्षणासह, विधिमंडळापुढे ठेवला पाहिजे. पण राज्यातल्या सार्वजनिक उपक्रमांचे हिशेब थकल्याची तक्रार महालेखापरीक्षकांच्या अहवालांत वर्षानुवर्षे येत आली आहे. थकलेला हिशेब म्हणजे शिळी बातमी. तोवर मंत्री बदललेला असतो.

१४.
माहिती अधिकार कायदा, २००५. त्याच्या कलम ४ नुसार तरतूद, प्रस्तावित खर्च आणि वाटलेली रक्कम यांचा तपशील शासनाने कोणी न मागता प्रसिद्ध करायचा आहे. देशाच्या आधी, २००२ मध्ये, असा कायदा करणारे हे राज्य. त्याच राज्यात एका जाहिरातपटाला किती खर्च आला हे कळण्यासाठी सामान्य माणसाने अर्ज लिहीत का बसावे?

१५.
सर्वोच्च न्यायालयानेही १३ मे २०१५ रोजी सरकारी जाहिरातींना नियम घालून दिले. जाहिरात वस्तुनिष्ठ असावी, सत्ताधाऱ्यांचा उदोउदो करणारी नसावी, खर्च वाजवी असावा. सारी चर्चा मात्र छायाचित्र कोणाचे छापावे यावर रंगली आणि मार्च २०१६ मध्ये मुख्यमंत्री व मंत्र्यांच्या छबीला पुन्हा वाट मिळाली. खर्चाचा मुद्दा मागेच राहिला.

१६.
या बाबतीत आपण एकटे नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याच्या पर्यटन प्रचार संस्थेने पिटबुल या गायकाशी १० लाख डॉलरचा करार केला आणि ‘व्यापारी गुपित’ म्हणून तो दडवला. डिसेंबर २०१६ मध्ये तेथील विधानसभेचे अध्यक्ष थेट न्यायालयात गेले. अखेर गायकानेच करार उघड केला.

१७.
पुढे संस्थेच्या प्रमुखाला पायउतार व्हावे लागले आणि २०१७ मध्ये कायदा होऊन अशा संस्थेचे करार जनतेपुढे ठेवणे बंधनकारक झाले. लक्षात घ्या, तेथील विधिमंडळाने जाहिरात बंद केली नाही. तिच्यावर दिवा लावला.

१८.
येथे प्रतिपक्षाचे सर्वांत बळकट म्हणणे मांडले पाहिजे. १९९३ मध्ये कोलोराडो राज्याने पर्यटन प्रचाराचा निधीच बंद केला. तेथील पर्यटनातला त्या राज्याचा हिस्सा सुमारे ३० टक्क्यांनी घसरल्याचे सांगितले जाते. तेव्हापासून जगभरची पर्यटन खाती हे उदाहरण तोंडपाठ म्हणून दाखवतात : प्रचार थांबवाल तर रोजगार जाईल.

१९.
म्हणणे खोटे नाही. माथेरानचा घोडेवाला, नेरळचा टॅक्सीवाला, कर्जतची खानावळ चालवणारी बाई, सर्वांची चूल पाहुण्यांवर पेटते. मी प्रचाराच्या विरोधात नाही. माझा आक्षेप बिनहिशेबी प्रचाराला आहे. रोजगाराच्या नावाने पैसा मागायचा, तर तो रोजगार कोणाला, किती आणि कसा मिळाला, हे सांगायला हवे.

२०.
कसा, याचा एक दाखला डोंगरावरच आहे. ‘मोटारविरहित माथेरान’ ही किती मोहक ओळ! तिच्या मागे माणूस ओढत असलेली हातरिक्षा होती. ती अमानुष प्रथा सहा महिन्यांत बंद करा, असे ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. स्वातंत्र्याला ७८ वर्षे झाल्यावर. एकाही भित्तिपत्रकावर ते खांदे दिसले नाहीत.

२१.
आणि इर्शाळवाडी. १९ जुलै २०२३ ची रात्र. इर्शाळगड मुंबई-पुण्याच्या भटक्यांना उत्तम ठाऊक होता. त्याच्या कुशीतली ठाकरवाडी शासनाच्या दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. वाडीपर्यंत रस्ता नव्हता. यंत्रे वर नेता आली नाहीत, माणसांनी हातांनी माती उपसली. २३ जुलैला शोध थांबला तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते. ५७ माणसे सापडलीच नाहीत.

२२.
दरड पर्यटनाने कोसळली असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे मृतांशी बेइमानी ठरेल. मी एवढेच म्हणतो की या राज्यात सुळक्याची ख्याती वाडीच्या आधी पोहोचते. डोंगर ‘पाहण्यासारखा’ आहे हे सर्वांना कळते. डोंगरावर माणसे राहतात हे कळायला दरड कोसळावी लागते.

२३.
मग करावे काय? उत्तराचा एक धागा माथेरानलाच सापडतो. तेथे नगरपरिषद प्रत्येक पाहुण्याकडून प्रवासी कर घेते आणि तो पैसा गावाच्या तिजोरीत पडतो. पायथ्याच्या ग्रामपंचायतीचे काय? १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम १२४ तिला यात्रेकरूंवर कर बसवू देते. कायद्याला यात्रेकरू ठाऊक आहे. शनिवारचा पर्यटक ठाऊक नाही. कचरा मात्र दोघांचाही सारखाच.

२४.
केरळने घोषवाक्यावर समाधान मानले नाही. २००८ पासून कुमरकोमसारख्या ठिकाणी स्थानिक महिला गटांनी पिकवलेली भाजी हॉटेलांनी विकत घ्यावी अशी घडी बसवली. आपल्याकडे २०२४ च्या धोरणात दहा वर्षांत एक लाख कोटींच्या गुंतवणुकीचे उद्दिष्ट आहे. २०२५ मध्ये युनेस्कोने गौरवलेल्या १२ मराठा किल्ल्यांपैकी ११ महाराष्ट्रातले. निमंत्रणे आता वाढणारच.

२५.
म्हणून मागण्या चार. पहिली : पर्यटन प्रसिद्धीचा प्रत्येक करार, रकमेसह, मराठीत, तीस दिवसांत संकेतस्थळावर यावा. दुसरी : ज्या स्थळाची वहनक्षमता ठरवलेली नाही, त्याची जाहिरात शासनाच्या पैशाने होऊ नये. तिसरी : प्रसिद्धीवरच्या खर्चातला ठरावीक वाटा यजमान ग्रामपंचायतीला मिळावा आणि तिला पर्यटक शुल्काचा अधिकार असावा.

२६.
चौथी : विधिमंडळापुढे दरवर्षी एकच जोडपत्र ठेवावे. एका रकान्यात जाहिरातीचा खर्च. शेजारच्या रकान्यात त्याच स्थळावरचे रस्ते, शौचालये, जीवरक्षक आणि कचरा यांवरचा खर्च. फार काही लागत नाही, दोन रकाने पुरेत. वाचणाऱ्याला बाकीचे आपोआप कळेल.

२७.
आमच्याकडे लग्नाची पत्रिका छापण्यापूर्वी घरातली वडील माणसे विचारतात : पाने किती वाढायची? पाणी कोठून आणायचे? उष्टी कोण काढणार? याची उत्तरे मिळाली की मगच अक्षत फिरते. राज्याच्या कारभाराला एवढे घरगुती शहाणपण जड का जावे?

२८.
मॅलेट साहेब चौकहून चढले त्याला पावणेदोनशे वर्षे झाली. पायथ्याने वाट दाखवली, ओझी वाहिली, नाव दिले. आता त्याने हिशेब मागितला आहे. समाप्त.