आपला माणूस निवडून आला. आता सत्कार नीट करूया

सोलापूरकर मंडळींनो,

आपल्या पेठेतला, आपल्या तालमीतला, शाळेत आपल्याच बाकावर बसलेला कोणी नगरसेवक झाला, सरपंच झाला, जिल्हा परिषदेवर गेला, तर ऊर भरून येतो. तो यायलाच हवा. या आनंदाला कोणी नावे ठेवू नयेत. महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षे शहराचा कारभार प्रशासकांनी पाहिला. जिल्हा परिषदेचीही तीच गत होती. ड्रेनेज तुंबले, दिवे गेले, दाखला अडला, तर कोणाच्या दारात जायचे हे लोकांना कळत नव्हते. अखेर 15 जानेवारी 2026 ला, गड्ड्याची यात्रा भरलेली असतानाच, महापालिकेसाठी मतदान झाले आणि प्रभागाप्रभागाला पुन्हा हक्काची माणसे मिळाली. अशा वेळी हलगी वाजणार, गुलाल उडणार, फेटे बांधले जाणार.

माझे सांगणे एवढेच आहे की हा आनंद साजरा करताना हात आखडू नका, पण तो कशाचा करायचा हे ठरवून करा. निकालाच्या दिवशीचा गुलाल विजयाचा असतो. कामाचा गौरव वेगळा असतो, आणि तो करायचे आपण बहुतेक वेळा विसरतो.

आधी हात न आखडण्याविषयी. आपल्यात एक मोठा वर्ग असा आहे, जो राजकारण म्हटले की नाक मुरडतो. मित्र निवडून आला तरी तो चारचौघांत अभिनंदन करत नाही; आपण कोणाचे तरी समर्थक ठरू अशी भीती त्याला वाटते. ही भीती सोडा. प्रभागातले राजकारण हे कष्टाचे काम आहे. रात्री दोन वाजता सिव्हिल हॉस्पिटलमधून फोन येतो, तो उचलावा लागतो. पाण्याचा टँकर कोणत्या गल्लीत आधी, यावर दोन्हीकडच्या शिव्या खाव्या लागतात. निवडणुकीला उभा राहणारा माणूस आपले दुकान, आपली झोप आणि घरच्यांची शांतता पणाला लावतो. असे काम करणाऱ्याला चांगली माणसे पाठीवर थाप देणार नसतील, तर ज्यांना त्याच्याकडून काही उकळायचे आहे तेच त्याच्याभोवती उरतील. तेव्हा मत कोणालाही दिलेले असो, शेजारी म्हणून, मित्र म्हणून जा. उघडपणे अभिनंदन करा.

आता सत्कार कसा असावा, ते. त्यासाठी आपल्याच शहरातला एक प्रसंग डोळ्यांसमोर ठेवावा. 4 जानेवारी 1938 रोजी सोलापूर नगरपालिकेने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना मानपत्र दिले. त्या वेळी मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ होते आणि बाबासाहेब स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून विधिमंडळात विरोधी बाकांवर बसत होते. त्यांच्या हाती मंत्रिपद नव्हते. तरीही या शहराच्या नगरपालिकेने त्यांचा जाहीर गौरव केला. सत्तेच्या खुर्चीवर नसलेल्या माणसाला त्याच्या योग्यतेसाठी मान देणे याला सत्कार म्हणतात. आणि ज्यांना आपण मानपत्र दिले त्याच बाबासाहेबांनी पुढे 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत बजावले की धर्मात भक्ती मुक्तीकडे नेत असेलही, पण राजकारणातली भक्ती आणि विभूतिपूजा अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. मान द्यावा आणि भक्त होऊ नये, ही सत्काराची रीत त्यांच्याकडूनच घ्यावी.

म्हणून पहिली सूचना: मानपत्राची पद्धत पुन्हा सुरू करा. खर्च एका कागदाचा. पण त्यात ‘कार्यसम्राट’, ‘भावी आमदार’, ‘गोरगरिबांचे कैवारी’ असले शब्द नकोत. काय केले ते लिहा. कोणत्या बोळातली गटार बंदिस्त झाली, कोणत्या शाळेला स्वच्छतागृह मिळाले, कोणत्या चौकातला दिवा लागला, किती वर्षे अडलेला कोणता प्रस्ताव सभेत मंजूर झाला. नव्याने निवडून आलेल्याच्या खात्यात अजून काम नसेल, तर निवडून येण्याआधी त्याने वस्तीसाठी काय केले ते लिहा आणि खाली त्याने प्रचारात दिलेले दोन-तीन शब्द लिहा. पाण्याचा शब्द तर हमखास असतो. उजनीच्या समांतर जलवाहिनीचे नाव घेतल्याशिवाय शहरात प्रचारसभा होत नाही, कारण काही दिवसांआड येणारे पाणी हा इथल्या प्रत्येक घराचा विषय आहे. तो शब्द मानपत्रात आला, सर्वांसमोर वाचला गेला आणि चौकटीत बसून त्याच्या भिंतीवर लागला, की रोज त्याच्या नजरेस पडेल.

दुसरी गोष्ट, सत्काराचा खर्च कोण करतो ते पाहा. हे मी मुद्दाम ठासून सांगतो. मंडप, जेवणावळ, क्रेनला लटकवलेला हार, जेसीबीतून फुलांची उधळण, चौकभर डिजिटल फलक, हे सगळे फुकट होत नाही. ते पैसे एखाद्या ठेकेदाराने दिले असतील, तर तो ते पुढे रस्त्याच्या डांबरातून वसूल करतो आणि पहिल्या पावसात खड्डा आपल्या दारात पडतो. सत्कार वस्तीचा असेल तर वर्गणीही वस्तीचीच असावी. घरटी दहा-वीस रुपये पुरतात. आपल्याकडे टोपी, टॉवेल, श्रीफळ देऊन मान करण्याची रीत आहेच. आपल्याच यंत्रमागावरचा टॉवेल, आपल्याच शहराची चादर. भौगोलिक मानांकन मिळालेली ही वस्तू कोणाच्याही खांद्यावर शोभते. फलकांचे म्हणाल, तर बेकायदा होर्डिंगविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने 2017 मध्ये कडक आदेश दिलेले आहेत. ज्याला आपण सभागृहात पाठवले, त्याचे स्वागत कायदा मोडून करू नये. आणि गुलालाची ओढ कितीही असली तरी नोव्हेंबर 2024 ची चंदगड मतदारसंघातली घटना विसरू नका. जेसीबीतून गुलाल पडत होता, खाली औक्षणाचे ताट होते, ज्योतीवर गुलाल पडून भडका उडाला आणि विजयी आमदारासह माणसे भाजली. जिथे निरांजन आहे तिथे गुलाल नको, एवढे प्रत्येक घराने पाळावे.

तिसरी गोष्ट, हरलेल्याच्या दारावरून मिरवणूक नेऊ नका. नेलीच तर तिथे हलगी थांबवा, घोषणा थांबवा आणि विजयी उमेदवाराने स्वतः आत जाऊन पाणी प्यावे. गावात तर हे फारच जपावे लागते. ग्रामपंचायतीची निवडणूक भावकीत होते; एका संध्याकाळच्या चिडवाचिडवीने बांधावरचे बोलणे दहा वर्षे बंद होते. हरलेला माणूसही वस्तीसाठी उभा राहिलेला असतो, आणि हार म्हणजे कामाचा शेवट असे आपल्या जिल्ह्याने कधीच मानलेले नाही. सांगोल्याचे गणपतराव देशमुख 1962 मध्ये पहिल्यांदा आमदार झाले आणि एकूण 11 वेळा निवडून आले. पण मध्ये 1972 आणि 1995 मध्ये ते हरलेही होते. त्या पराभवांनंतर त्यांच्या लोकांनी पाठ फिरवली असती, तर राज्याने ज्यांच्याकडे आदर्श म्हणून पाहिले ते आबासाहेब घडलेच नसते.

दुसरे उदाहरण आपल्या शहरातले, माजी आमदार नरसय्या आडम मास्तरांचे. विडी कामगारांना हक्काचे घर मिळावे म्हणून त्यांनी अनेक वर्षे लढा दिला. कुंभारीतल्या 10,000 घरांच्या चाव्या सप्टेंबर 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत दिल्या गेल्या. पुढे रे नगरच्या 30,000 घरांच्या प्रकल्पातली 15,000 घरे 19 जानेवारी 2024 ला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते सुपूर्द झाली. एका कामाला दोन वेगळ्या पक्षांचे पंतप्रधान आले, आणि ज्याने ते काम धसास लावले तो लाल बावट्याचा माणूस. 2009 पासून तो विधानसभेत नव्हता, तरी काम थांबले नव्हते. पक्ष कोणाला पटो न पटो, ज्या बाईने आयुष्यभर भाड्याच्या खोलीत विड्या वळल्या तिच्या हातात स्वतःच्या घराची चावी पडली. असे काम झाले की सर्वांनी मिळून टाळ्या वाजवाव्यात. आपल्या पक्षाचे नसले तरी वाजवाव्यात.

चौथी गोष्ट बायाबापड्यांनी आणि त्याहून अधिक पुरुषांनी ऐकावी. महाराष्ट्रात 2011 पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. आपल्या महापालिकेत 102 पैकी 51. 2012 ते 2022 या दहा वर्षांत अलका राठोड, सुशीला आबुटे, शोभा बनशेट्टी आणि श्रीकांचना यन्नम अशा सलग चार महिलांनी सोलापूरचे महापौरपद सांभाळले. एवढा वारसा असलेल्या शहरात आजही निवडून आलेल्या बाईच्या सत्काराला फलकावर नवऱ्याचा फोटो मोठा आणि तिचा अंगठ्याएवढा असतो. व्यासपीठावर हार त्याच्या गळ्यात, भाषण त्याचे. वहिनी मागच्या खुर्चीत. हे आता बंद करूया. निवडणूक तिने लढवली, सभागृहात हात ती वर करणार. मग मानपत्रावर तिचे स्वतःचे नाव असावे, हार तिला घालावा, बोलायला तिला उभे करावे. पहिल्या वेळी दोनच वाक्ये बोलेल, बोलू द्या. काम सांगायला जाल तेव्हाही तिच्याशी बोला. ‘साहेब आहेत का’ असे दारात विचारू नका.

याच ओघात माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळची आठवण करून देतो. 2017 मध्ये या गावाने तृतीयपंथी असलेल्या माऊली कांबळे यांना थेट सरपंच म्हणून निवडून दिले. ज्यांना समाज उंबऱ्याबाहेर ठेवतो त्यांना एका खेड्याने गावाच्या पहिल्या खुर्चीवर बसवले. अशा निवडीचा आनंद गावापुरता ठेवू नये. जिल्ह्याने तो आपला म्हणून सांगावा, मुलांना सांगावा. कारण सत्कार पाहणारी पोरे त्यातूनच शिकतात की इथे कोण मोठे होऊ शकते. सोलापूरच्या न्यायालयात पट्टेवाल्याची नोकरी केलेला तरुण पुढे राज्याचा मुख्यमंत्री आणि देशाचा गृहमंत्री झाला. सुशीलकुमार शिंदे यांची ही वाट इथल्या झोपडपट्टीतल्या मुलांना ठाऊक असते, ती आपण वारंवार सांगितली म्हणूनच.

पाचवी गोष्ट, सत्कार जातीच्या सभागृहात कोंडू नका. समाजबांधवाचे कौतुक समाजाने जरूर करावे. त्यात गैर काही नाही. पण तो निवडून आला आहे प्रभागातून, आणि प्रभागात पद्मशाली, लिंगायत, मराठा, बौद्ध, मुस्लिम, धनगर, लोधी, मारवाडी सगळेच राहतात. ज्या शहराच्या नगरपालिकेच्या इमारतीवर 6 एप्रिल 1930 रोजी तिरंगा फडकला आणि ज्या शहराचे मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन हे चौघे 12 जानेवारी 1931 ला एकाच दिवशी फासावर गेले, त्या शहराला हे मी वेगळे सांगायला नको. एका प्रभागात चार सदस्य असतील आणि ते दोन-तीन पक्षांचे असतील, तरी चौघांचा सत्कार एकाच मंचावर करा. चौघे शेजारी बसले की ‘ते माझ्या हद्दीत येत नाही’ असे म्हणायला कोणालाही जागा उरत नाही.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. निकालानंतरचा सत्कार झाला की त्याच दिवशी दुसऱ्या सत्काराची तारीख जाहीर करा, बरोबर एक वर्षानंतरची. त्या दिवशी तेच मानपत्र भिंतीवरून काढून आणा, पुन्हा मोठ्याने वाचा. जे झाले त्याच्यासाठी भरभरून टाळ्या वाजवा. जे राहिले ते का राहिले, हे त्याला शांतपणे सांगू द्या. निधी अडला असेल, अधिकारी बदलला असेल, तर आपणही त्याच्याबरोबर महापालिकेत जाऊ असे सांगा. नुसतीच टाळाटाळ असेल, तर तेही तोंडावर सांगा. गावात यासाठी वेगळा कार्यक्रमसुद्धा लागत नाही. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्यायच्याच असतात. त्यांतल्या एकीत सरपंचाच्या कामाचे कौतुक आणि कामाचा हिशेब दोन्ही एकदम होऊ द्या. ज्या ग्रामसभेत फक्त भांडणे होतात तिथे चांगला माणूस दुसऱ्यांदा उभा राहत नाही. जिथे फक्त टाळ्या वाजतात तिथे चांगला माणूसही बिघडतो.

तेव्हा मंडळींनो, या आठवड्यातच तुमच्या गल्लीतले पाच-दहा जण एकत्र बसा. आपल्या सदस्याने खरोखर काय केले याची यादी करा. ती लिहिताना अडलात, तर त्यालाच बोलावून विचारा. आपल्याला विचारले हा आपला मान आहे, असेच तो समजेल. मग स्वतःच्या वर्गणीतून एक टॉवेल, एक श्रीफळ आणि स्वच्छ अक्षरातले एक मानपत्र घेऊन त्याच्या, किंवा तिच्या, घरी जा. हरलेल्या उमेदवारालाही बोलवा. आणि परत निघताना पुढच्या वर्षीची तारीख सांगून या.