फॉरमॅटचा फतवा

मरोळच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या गाळ्यात ऐन सकाळी आउटलुक उघडेनासे झाले, की ऑर्डरी, चलने आणि जीएसटीच्या सल्लागाराची पत्रे एकदमच अंतर्धान पावतात. मालक हवालदिल होतो आणि तातडीने पाचारण केलेला कॉम्प्युटरवाला निम्मी हकीकत ऐकून घेऊन आपला ठरलेला फतवा काढतो : ‘साहेब, फॉरमॅट मारावं लागेल.’

आमची तक्रार आहे ती या फतव्याविरुद्ध. पेशवे दफ्तराची इमारत निराळी आणि तीत बांधून ठेवलेले रुमाल निराळे. इमारतीचे कुलूप गंजले म्हणून रुमाल पेटवून देण्याची सूचना कोणी शहाणा माणूस करणार नाही. आउटलुक हा प्रोग्राम आणि त्याने जतन केलेला पत्रव्यवहार यांचे नाते याच जातीचे आहे. पॉप पद्धतीच्या खात्यातील पत्रे पीएसटी नावाच्या एकाच फायलीत साठतात, सर्व्हरवरून ती बहुधा केव्हाच पुसली गेलेली असतात, आणि ही फाइल सामान्यतः डॉक्युमेंट्सच्या फोल्डरात, म्हणजे जो सी ड्राइव्ह पुसावयाचा त्याच्यावरच, नांदत असते. ओएसटी फायलीची गोष्ट वेगळी. ती सर्व्हरवरील पत्रांची नक्कल असल्यामुळे गेली तरी पुन्हा तयार होते. हा भेद न विचारता जो फॉरमॅटला हात घालतो, त्याला कारागीर म्हणण्यास आमची जीभ कचरते.

वास्तविक पीएसटीची प्रत पेनड्राइव्हवर घेतल्यावर उपाय पुष्कळ उरतात. कित्येकदा खिडकी मिटलेली असूनही आउटलुक पडद्याआड चालूच असते. टास्क मॅनेजरमध्ये जाऊन ते बंद केले, की काम भागते. न भागल्यास कंट्रोलची कळ दाबून धरून चिन्हावर क्लिक करावे : सेफ मोडमध्ये उघडू का, असे ते विचारते, आणि त्या रीतीने उघडले तर दोष बहुधा अँटिव्हायरसने किंवा तत्सम पाहुण्याने चिकटवलेल्या एखाद्या ॲड-इनचा असतो. तेही नसेल तर नवी प्रोफाइल करावी. आणि फाइलच बिघडली असेल तर ऑफिसच्या फोल्डरात स्कॅनपीएसटी नावाचे दुरुस्तीचे साधन मायक्रोसॉफ्टनेच ठेवलेले आहे. आउटलुक २००२ पर्यंतच्या पीएसटीस २ जीबीची मर्यादा होती. २००३ मध्ये आलेल्या नव्या धाटणीच्या फायलीस ती २० आणि २०१० मध्ये ५० जीबी झाली. जुन्या धाटणीची फाइल आजही वापरात असेल, तर तिचा आकार पहिल्यांदा पाहावा.

कधी कधी तर अपराध आपल्या यंत्राचा नसतोच. १५ जुलै २०२० रोजी जगभर आउटलुक उघडताक्षणी मिटू लागले. मुंबईच्या लोकल तेव्हा केवळ अत्यावश्यक सेवेसाठी धावत होत्या आणि बोरिवली-मुलुंडच्या दिवाणखान्यांतून कचेऱ्यांचा कारभार चालला होता. दोष मायक्रोसॉफ्टकडचा होता, तो त्यांनीच निस्तरला. त्या रात्री घरचे यंत्र पुसून कोणाच्या पदरात काय पडले असते?

गाळ्यागाळ्यांतून जे वार्षिक देखभालीचे करार होतात, त्यांत फॉरमॅटपूर्वी पीएसटीची प्रत काढून ती मालकासमक्ष उघडून दाखवावी आणि मगच कामाच्या पावतीवर सही घ्यावी, एवढे एक कलम असावे. दर वाढवून मागितला, तर खुशाल द्यावा.