चार चाकं आणि एक गुपित

रविवारी सकाळी साडेसातला इंटरकॉम वाजला. वॉचमनकाका घाबरलेले. ‘साहेब, लवकर खाली या, तुमच्या गाडीचे चक्केच चोरीले गेले वाटते!’

चोरीला नव्हते गेले. हिंगणा एमआयडीसीत गेले होते, ब्यूटी ट्रीटमेंटला! बेसाच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार स्टँडवर बिनचाकांची उभी असलेली ती गाडी म्हणजे बाबांची फियाट पॅलिओ १.६ जीटीएक्स. मॉडेल २००२, एमएच-३१, मेड इन कुर्ला. सोळा व्हॉल्व्हचं इंजिन, १०० हॉर्सपॉवर आणि कंपनीतूनच आलेले चौदा इंची अलॉय. तेव्हा पॅलिओच्या जाहिरातीत सचिन असायचा. त्याच वर्षी फियाटनं त्याला फेरारी ३६० मोडेना दिली आणि बाबांनी कर्ज काढून जीटीएक्स घेतली. हॅचबॅकला स्पोर्ट्स कार म्हणायचं का, हा वाद तुम्ही आमच्या घरी येऊन घालू नका. जेवण मिळणार नाही.

तर, अलॉय. वीस-बावीस वर्षांत त्यांची पार रया गेली होती. सिल्व्हर रंगावर पिवळट झाक, कडांना फुटपाथचे ओरखडे, लॅकरखाली पांढऱ्या दोऱ्यांसारखी बुरशी. (ती बुरशी नसतेच. खडा लागून लॅकर फुटतं, ओल आत शिरते आणि अ‍ॅल्युमिनियम आतल्या आत सरपटत गंजत जातं.) मिहानमधल्या ऑफिसात एकानं लगेच फंडा दिला, ‘अरे, नवे ब्लॅक अलॉय टाक ना, ईएमआयवर मिळतात!’

इथंच गोची आहे, बॉस. फियाटचे चार बोल्ट ९८ मिलीमीटरच्या वर्तुळावर बसतात. बाजारातल्या बहुतेक छोट्या गाड्यांचं वर्तुळ १०० चं. दोनच मिलीमीटरचा फरक, त्यामुळे ‘बसवून देतो ना’ म्हणणारे भेटतातच. पण बोल्ट तिरका बसतो, आवळल्यासारखा वाटतो आणि हायवेवर ढिला होतो. म्हणजे आहेत तीच चाकं वाचवणं भाग होतं.

पहिला उमेदवार एक पावडर कोटिंगवाला. गेट-ग्रिल रंगवतो, रेट एकदम सॉलिड. जुना रंग कसा काढणार, असं विचारलं तर म्हणाला, ‘गरम टाकीत टाकू, अर्ध्या तासात साफ!’ टाकीत काय, तर कॉस्टिक सोडा. लोखंडाला त्यानं काही होत नाही. अ‍ॅल्युमिनियमला मात्र तो खातो, अक्षरशः फसफसून, हायड्रोजनचे बुडबुडे काढत. आमची आई अ‍ॅल्युमिनियमच्या डब्याला धुण्याचा सोडा लावू देत नाही, डबा काळा पडतो म्हणून. तिच्या किचनमधलं ज्ञान इथं माझ्या कामी आलं. मी हात जोडून निघालो.

दुसरे भेटले ते हिंगण्याचे काका. छोटंसं शेड, बाहेर मोपेड, आत बफिंगच्या दोन मोटारी. त्यांची पद्धत सावकाशीची. आधी टायर उतरवायचे, व्हॉल्व्ह आणि बॅलन्सिंगचे शिसे काढायचे. मग अ‍ॅल्युमिनियमला चालणारं पेंट रिमूव्हर ब्रशनं लावायचं आणि फुगलेला रंग लाकडी पट्टीनं खरवडायचा. कोपऱ्यांत अडकलेला रंग बारीक काचेच्या मण्यांच्या ब्लास्टिंगनं काढायचा. वाळू नाही! वाळूनं व्हीलवर देवीचे व्रण उठल्यासारखे खड्डे पडतात आणि तिची धूळ कामगाराच्या फुप्फुसात कायमची बसते. त्यानंतर पॉलिश पेपर, १८० नंबरपासून २४०, ३२०, ४००, पुढं पाण्यासोबत ६०० ते १०००. एक नंबर गाळला तर त्याचा ओरखडा शेवटच्या चकाकीत बरोब्बर दिसतो. मग सिसलचं चाक, मग कापडाचं, त्यावर आधी तपकिरी साबण आणि शेवटी पांढरा. त्या मोटारीवर ते लोखंड कधीच घासत नाहीत. अ‍ॅल्युमिनियमची बारीक धूळ हवेत असली की एक ठिणगी पुरते.

बघताना मला लहानपणीचा कल्हईवाला आठवला. तीच तन्मयता, तेच काळे हात. रेसिंगच्या दुनियेत ओतीव अ‍ॅल्युमिनियमची चाकं गाजली ती १९२४ साली, बुगाटीनं टाइप ३५ लिऑनच्या ग्रां प्रीला उतरवली तेव्हा. पुढं साठच्या दशकात पोर्शे ९११ एसची फुक्स व्हील्स आली. जगातले शौकीन आजही ती स्ट्रिप आणि पॉलिश करून घेतात, आणि सगळीकडे रेसिपी साधारण हीच!

बाबांना मात्र हे सगळं पटत नव्हतं. ‘कंपनीनं सिल्व्हर दिलं होतं, सिल्व्हरच पाहिजे. आरशासारखे चक्के लग्नाच्या वरातीत शोभतात.’ मी म्हटलं, बाबा, एकदा बघा तर. ते गप्प झाले. जरा जास्तच गप्प झाले. पण तेव्हा माझ्या काही लक्षात आलं नाही.

तिसऱ्या दिवशी काकांचा फोन. ‘भाऊ, दुकानात येऊन जा. हे आधी पहा, मग पॉलिशचं बोलू.’

तीन व्हील्स सुरेख निघाली होती. चौथ्याचा रंग काढताना रंगाबरोबर पुट्टीचा एक जाड पापुद्रा निघाला आणि त्याखाली वेल्डिंगची जाडजूड शिवण. कडेपासून थेट स्पोकच्या मुळापर्यंत. काकांनी त्यावर लाल डाय मारला, दहा मिनिटांनी पुसला, वरून पांढरा स्प्रे मारला. पांढऱ्यावर हळूहळू एक लाल रेघ उमटत गेली. केसाएवढी बारीक, बोटभर लांब. वेल्डिंगच्या बाजूनं व्हील नव्यानं चिरत चाललं होतं.

‘कडेचा मार असता तर घासून दिलं असतं. हे स्पोकात आहे. याले पॉलिश करून तुमाले देणं म्हणजे पाप आहे भाऊ.’ ओतीव व्हीलला कारखान्यात उष्णता देऊन मजबुती आणलेली असते आणि वेल्डिंगच्या आचेनं नेमकी त्याच जागची ती निघून जाते, हेही त्यांनीच समजावलं. काम नाकारलं आणि त्या व्हीलचे पैसेही घेतले नाहीत.

रात्री जेवताना मी फोटो बाबांसमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावला, काढला, परत लावला. मग आईकडे न बघता म्हणाले, ‘२००९. वर्धेहून येताना. खड्डा दिसलाच नाही.’ तेव्हा नवीन व्हील परवडत नव्हतं, माझ्या इंजिनिअरिंगची फी भरायची होती. रस्त्याकडेच्या एकाकडून जोडून घेतलं, वरून सिल्व्हर मारलं आणि घरी कोणाला सांगितलं नाही. म्हणून सिल्व्हरचा एवढा हट्ट!

आई म्हणाली, ‘म्हणजे दिवाळीला पचमढीला गेलो, ते ह्याच चक्क्यावर?’ बाबांनी वरण वाढून घेतलं. माझ्या डोक्यात वेगळंच चालू होतं. गेल्याच महिन्यात मी याच गाडीत चार वर्षांच्या मुलीला मागं बसवून वर्धा रोडवर ११० मारले होते. मला रागवायचं होतं, पण फीचं ऐकल्यावर ते जमलं नाही. मी म्हटलं, ‘बाबा, पुढच्या वेळी निदान मला सांगा.’ ते म्हणाले, ‘हो.’

एक महिना शोधाशोध झाली. शेवटी भंगारात निघालेल्या एका पॅलिओचं व्हील मिळालं. ते आधी डाय मारून तपासलं, मगच पैसे दिले. सरळ, बिनजोडाचं, आणि अर्थातच सिल्व्हर. काका दिवाळीपर्यंत बिझी आहेत. त्यामुळे सध्या आमची जीटीएक्स तीन आरशांवर आणि एका सिल्व्हर चाकावर फिरते. पॉलिशवर मी लॅकर मारलं नाही, त्यामुळे दर रविवारी मऊ कापड आणि मेटल पॉलिश घेऊन बसावं लागतं. पावसाळ्यात तर जास्तच.

परवा तर्री-पोहे खायला गेलो तेव्हा बाबा गाडीभोवती एक चक्कर मारून आले. सिल्व्हर चाकापाशी थांबले आणि म्हणाले, ‘बाकीची तीनही अशीच करून घे ना. किती डिसेंट दिसते!’