अंगठ्यावांचून धनुर्धर

द्रोणाचार्यांनीं एकलव्याचा उजवा अंगठा गुरुदक्षिणा म्हणून घेतला, ही कथा घरोघरच्या मुलांस ठाऊक असते. पुढेंही तो बोटांनीं बाण सोडीतच होता. परंतु पूर्वीचें लाघव राहिलें नाहीं, असें महाभारतकार सांगतात. ज्यास अंगठ्याची मातब्बरीच नाहीं असें एक धनुष्य मात्र चीन देशांत ख्रि. पू. ४ थ्या शतकांत रणांगणावर गाजत होतें. चिनी लोक त्यास ‘नू’ म्हणतात.

लांकडी दांड्यावर धनुष्य आडवें बसवावयाचें, दोरी मागें ओढून कांशाच्या खटक्यांत अडकवावयाची, बाण खोबणींत ठेवावयाचा आणि नेम धरून खटका दाबावयाचा, एवढीच त्याची रचना. संस्कृतांत चाप म्हणजे धनुष्य. मराठींत बंदुकीचा ओढावयाचा तो चाप. या यंत्रांत दोन्ही चाप एकत्र नांदतात! ताण खटक्यानें धरून ठेवल्यामुळें हात नेम धरण्यास मोकळा राहतो, आणि दोरी चढविण्यास पायांचेंही बळ लावतां येतें. त्यामुळें वर्षानुवर्षें अभ्यास न केलेला शेतकरीहि थोड्या दिवसांत उपयोगी पडे. पुन्हा दोरी चढविण्यास वेळ लागे, हा दोष खराच.

या शस्त्राची प्रसिद्ध कथा इतिहासकार सु-मा च्येन यानें सांगितली आहे. सुन बिन आणि पांग जुआन हे सहाध्यायी. मत्सरानें पांग जुआननें कपट रचून सुन बिनचे पाय निकामी करविले. पुढें ख्रि. पू. ३४१ च्या सुमारास तोच पंगु सुन बिन छी राज्याचा युद्धसल्लागार होऊन मा-लिंगच्या खिंडींत दबा धरून बसला. एका झाडाची साल सोलून, पांग जुआन याच झाडाखालीं मरेल, असें त्यानें लिहविलें. आणि उजेड दिसतांच बाण सोडा, अशी दहा हजार यंत्रधनुर्धरांस आज्ञा दिली. रात्रीं पांग जुआन तेथें आला आणि अक्षरें वाचण्यासाठीं त्यानेंच मशाल पेटविली. आमच्या एकलव्यास असा दिवस लाभला नाहीं.

कौटिल्यानें ताल, वेळू, लांकूड व शिंग यांचीं चार धनुष्यें सांगून ‘जामदग्न्य’ नांवाचें यंत्रहि सांगितलें आहे. पण तें स्थिर यंत्रांत मोडतें. आमच्याकडे मान हातच्या धनुष्यास. वाशीम ही वत्सगुल्म नांवानें वाकाटकांची राजधानी होती, त्या काळीं उत्तरेंतील गुप्त सम्राट् आपल्या सुवर्णनाण्यांवर धनुष्य घेऊनच उभे राहात. माझ्या मतें आम्हीं विद्या जपली, चिन्यांनीं कोठार भरलें. यिन-वान येथें १९९३ सालीं सांपडलेल्या लांकडी पाट्यांवर ख्रि. पू. १३ मधील एका शस्त्रागाराची मोजदाद आहे. तींत हीं यंत्रधनुष्यें पांच लक्षांहून अधिक आणि साधीं धनुष्यें सुमारें ७७ हजार भरतात.

परंतु कोठार दूर असलें म्हणजे काय होतें, तें ख्रि. पू. ९९ मध्यें सेनापति ली लिंग यानें अनुभविलें. पांच हजार पायदळानिशीं त्यानें उत्तरेच्या शिओंग्नू घोडेस्वारांस कित्येक दिवस थोपवून धरलें. एकाच दिवसांत पांच लक्ष बाण संपल्याची नोंद हान इतिहासांत आहे. त्यानंतर त्याला शत्रूच्या स्वाधीन व्हावें लागलें.